एका बिंदूचा ढग

खेळाडूला मरता येतं का? येत असेल तर चौथ्या प्रश्नाकडे जा. येत नसेल तर अकराव्याकडे.

खेळ ओळखायची आमच्या केंद्रातली प्रश्नांची किल्ली अशी सुरू होते. तिच्यातले पहिले तेवीस प्रश्न माझे आहेत. मी वनस्पतिशास्त्रात एम.एस्सी. केलं, त्यानंतर दोन वर्षं वाळवलेल्या झाडांच्या संग्रहात काढली. तिथे अनोळखी फांदी हातात आली की असंच विचारत जायचं. पानं समोरासमोर आहेत की एकाआड एक? देठाशी चीक आहे का? दहा-बारा प्रश्नांत झाडाचं नाव सापडतं. नागपूरच्या खेळ-नामावली केंद्राने जाहिरात दिली तेव्हा त्यांना संगणकवाले नको होते, नावं ठेवण्याची शिस्त असलेली माणसं हवी होती. मला घेतलं.

चाळीस लाख खेळ आहेत आणि लेबलं दोनशे बारा. कोडं, शर्यत, नेमबाजी, बांधणी, भटकंती, ध्यान, शेती, मासेमारी आणि अशीच पुढे. लोक लेबलांना हसतात, पण लेबलं नसती तर काय झालं असतं याचा विचार कोणी करत नाही. सात वर्षांच्या मुलीसाठी रक्त नसलेला खेळ शोधणारी आई चाळीस लाखांच्या ढिगात कुठे हात घालणार? आमचं नाव तिला बरोबर त्या कोपऱ्यात नेऊन सोडतं. मला या कामाचा अभिमान होता, आणि अजूनही बराचसा आहे.

पूर्वी लेबल म्हणजे दुकानातल्या फळीवरची पाटी होती. पाटी चुकली तर गिऱ्हाईक वैतागायचं, खेळाला काही होत नसे. आता खेळ तयार होऊन बाहेर पडत नाहीत, बाहेर पडल्यावर वाढतात. खेळाडू पुढे सरकतो तसा पुढचा रस्ता, पुढचं पाणी, पुढचा पाऊस एक यंत्रणा त्याच वेळी विणत असते. तिला आम्ही विणकर म्हणतो. काय विणायचं हे विणकराला कसं कळतं? प्रत्येक खेळाची चारशे मापं घेतलेली असतात. हात किती वेळा हलतो, नजर एका जागी किती थांबते, नाडी कुठे वाढते, हार किती वेळा होते. चारशे मापं म्हणजे चारशे दिशांच्या एका अवकाशातला एक बिंदू. एकाच लेबलाचे सगळे बिंदू मिळून एक ढग होतो, आणि विणकर प्रत्येक खेळाला रोज थोडा थोडा त्याच्या ढगाच्या मध्याकडे ओढतो. कारण सरळ आहे. शर्यत मागणाऱ्याला शर्यतच मिळायला हवी.

म्हणजे आता पाटी फळीवर नसते. ती खेळाच्या आत असते आणि खेळाला आपल्याकडे ओढत असते. हे मला पाठ होतं. प्रशिक्षणात मी नव्या मुलांना हेच शिकवत होते.

फेब्रुवारीत माझ्याकडे एक खेळ आला. त्याचं नाव फक्त ‘तळं’. खेळाडू चाळीस. तक्रार अशी, की त्याला दोन लेबलं आहेत, शेती आणि मासेमारी. नियमाने एकच हवं.

मी केंद्रातल्या खुर्चीत बसले, खेळाचा चष्मा लावला आणि शेतीच्या यादीतून आत गेले. पहाट होती. मी तळ्याच्या पाळीवर उभी होते. पायाखाली मुरूम, एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला खाली धानाचे बांध. पाण्यावर धुकं इतकं सावकाश हलत होतं, की ते हलतंय की मी, ते कळेना. मी जिथे बघत होते तिथे चित्र दाट होत होतं. मी काठाकडे बघितलं आणि काठाला कमळाची पानं आली. शिंगाड्याचा वेल आठवला आणि तो पाण्यावर पसरला. नजर काढली की सगळं पुन्हा फिकट. तळं ओळखीचं वाटलं, पण या खेळाबद्दल प्रत्येक खेळाडू तेच लिहितो.

दूर एक होडी होती. तीत कोणी बसलेलं होतं. मासेमारीच्या यादीतून आत येणाऱ्याला होडी मिळते, शेतीच्या यादीतून येणाऱ्याला पाळ. ज्यांच्या नजरा सारख्या जागी थांबतात अशा दोघांना विणकर एका तळ्यावर आणतो. दोघांना बोलता येत नाही. मी पाळीतल्या मोरीचा डट्टा, म्हणजे लाकडी बूच, काढला. पाणी धानाच्या शेतात उतरलं आणि होडी पाण्याबरोबर बोटभर खाली गेली. एवढंच. गुण नाहीत, हार नाही, शेवट नाही. चाळीस मिनिटांनी बाहेर आले तेव्हा मला वाटलं की मी दुपारची झोप काढून उठलेय आणि घरात कोणीतरी नुकतंच बाहेर गेलंय.

मग मी कामाला लागले. झाडांच्या संग्रहात एक पद्धत असते. एका जातीची हजार झाडं असली तरी एकच फांदी दाबून, वाळवून कागदावर चिकटवतात आणि नाव त्या कागदाला बांधतात. शंका आली की सगळे त्या कागदाकडे जातात. मी तसंच केलं. माझी ती चाळीस मिनिटं हाच नमुना धरला. त्या चाळीस मिनिटांत मी पाळीवर होते, पाणी सोडलं, धान भिजवला. मापं म्हणाली शेती एक्कावन्न, मासेमारी एकोणपन्नास. मी लिहिलं शेती.

वाळलेली फांदी लेबल लावल्यावर वाढत नाही, हे मी विसरले.

पहिले तीन आठवडे लेबल कच्चं असतं. त्या काळात विणकराची ओढ दहापट ठेवतात, म्हणजे खेळ त्या नावात बसतो की नाही ते लवकर दिसतं. मी तारीख टाकली आणि पुढची फाईल उघडली.

माझे वडील, मोरेश्वर पुस्तोडे, तीन वर्षांपासून माझ्याजवळ नागपुरात राहतात. भंडारा जिल्ह्यातल्या चिखलबोडी गावची आमची शेती आता बटईने दिलेली आहे. रोज सकाळी चहा झाला की बाबा गॅलरीत प्लास्टिकच्या खुर्चीत बसतात आणि चष्मा लावतात. उजवा हात अधूनमधून हवेत काहीतरी ठोकतो. मी दिवसभर लोकांचे खेळ उलगडत असते, बाबांना कधी विचारलं नव्हतं ते काय खेळतात. बाबांना विरंगुळा हवा होता, तो मिळाला, मला वाटलं विषय संपला.

लेबल लावून आठ दिवस झाले असतील. रविवारी सकाळी बाबांनी चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि खाली रस्त्याकडे बघत बसले.

“काय झालं, बाबा?”

“आजबी नाही आली.”

“कोण?”

“होडी.”

माझ्या हातात पोह्यांची बशी होती. ती मी खाली ठेवली.

“आठ दिवस झाले,” बाबा म्हणाले. “पहिल्या दिवशी वाटलं, बरं नसंल. आता तर तळंच बदलून रायलं. पानी मागं मागं जाते, शेत पुढं पुढं येते. धान कापला का वर आकडे नाचतात. ढोल वाजते. ‘शाब्बास शेतकरी’ म्हनते मले! पन्नास वर्सं धान लावला, कोनी शाब्बास म्हनलं नाही. आता हा चष्मा म्हनते.”

“होडीत कोण असतं ते माहीत आहे तुम्हाला?”

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच काहीतरी वेडगळ विचारलं होतं.

“सुकराम,” ते म्हणाले.

सुकराम मेश्राम म्हणजे सुकरामकाका. त्यांच्या खांद्यावर बसून मी पहिल्यांदा चिखलबोडीचा मोठा तलाव पाहिला. ते मच्छीमार संस्थेचे सचिव होते आणि बाबा पाणी वापर संस्थेचे अध्यक्ष. एकाला तलावात पाणी राहायला हवं, दुसऱ्याला ते शेतात यायला हवं. तरी दोघांचं वर्षानुवर्षं जमलं, कारण दोघं एका पाटीवर शिकलेले. मग मी दहा वर्षांची असताना एका एप्रिलात उन्हाळी धान करपायला लागला आणि बाबांनी तुडुमाचा सगळ्यात खालचा डट्टा काढला. तुडूम म्हणजे पाळीतली पाणी सोडायची जुनी दगडी मोरी. तिला वरून खाली एकेक भोक असतं, प्रत्येकाला लाकडी डट्टा. तळ्यात गुडघाभर पाणी उरलं. संस्थेची वर्षभराची मासोळी उलटी होऊन तीन दिवस पाण्यावर पांढरी तरंगत होती. त्या दिवसापासून सतरा वर्षं बाबा आणि सुकरामकाका एकमेकांशी एक शब्द बोललेले नाहीत.

“तो सुकरामकाकाच आहे कशावरून?” मी विचारलं. “खेळात चेहरा दिसत नाही.”

“चेहऱ्याचं काय काम हाये? पश्चिमेच्या कोपऱ्यात पान्याखाली बोरीचं खोड हाये. तिथं जाळं फाटते. खेळात ते खोड नव्हतंच, मी कधी तिकडं पाह्यलंच नव्हतं. एक दिवस होडी तिथं आली आन् वळसा घालून गेली. तिनं वळसा घातला तवा तिथं खोड आलं. चिखलबोडीत ते खोड दोघालेच ठाऊक. एक मी.”

“आणि त्यांना माहीत आहे की पाळीवर तुम्ही आहात?”

“मी डट्ट्यावर दोनदा ठोकतो, मंग काढतो. लहानपनी तो तुडुमात उतरून भोकाले हात लावून बसे. पान्याचा जोर पाह्यचा होता त्याले. हात जाईल त्याचा, म्हनून मी ठोकत जाओ. तीच सवय लागली.” ते आपल्या उजव्या हाताकडे बघत होते. “खेळात मी ठोकलं का होडी मोरीपासून बाजूला होते. दोन वर्सं झाले. कोनी काही म्हनत नाही. मी ठोकतो, तो सरकते, मी पानी सोडतो. त्याच्यासाठी सगळ्यात खालचा डट्टा लावलेलाच ठेवतो मी.”

“त्या एप्रिलात ठोकलं होतं?”

“नाही,” बाबा म्हणाले.

खाली भाजीवाल्याची गाडी आली आणि गेली. मग मी सांगितलं. ते लेबल मी लावलं होतं. शेती लिहिलं म्हणून मासेमारीच्या यादीतून तळं पुसलं गेलं, आणि तिकडून येणाऱ्याला दार उरलं नाही.

“तू लावलं?”

“हो.”

“किती वेळ पाह्यलंस?”

“चाळीस मिनिटं.”

“चाळीस मिनिटात तळं दिसते का वं, प्रणोती?”

ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

सोमवारी मी केंद्रात जाऊन पहिलं काम हे केलं, की लेबल बदलल्यास तळं तीन आठवड्यांनी कसं दिसेल ते विणकराकडून आगाऊ विणून घेतलं. दिवसभर मी खुर्चीत बसून एकाच तळ्याची वेगवेगळी आयुष्यं पाहत होते. मासेमारी लिहिलं तर पाळ खचून पाण्यात विरघळली, आणि पाळीवर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात गळ आला. शर्यत लिहिलं तर तळं लांबत लांबत नदी झालं. सहकार लिहिल्यावर दोघांच्या मधे एक घड्याळ उगवलं आणि मासे अधिक धान मिळून शंभर करा असा हुकूम झाला. शिवाय दोघांना बोलता येऊ लागलं, बोलावंच लागू लागलं, नाहीतर घड्याळ लाल व्हायचं. ध्यान लिहिलं तेव्हा मला क्षणभर वाटलं, जमलं. पाणी शांत होतं, धुकं होतं. मग लक्षात आलं की होडीत माणूस नाही. ती नुसती डुलणारी, देखणी, रिकामी होडी होती.

आणि तळं आतापर्यंत टिकलं कसं तेही तेव्हा कळलं. दोन लेबलं होती म्हणून दोन ढग त्याला दोन्हीकडून सारखं ओढत होते. चुकीच्या दोन नावांच्या मधोमध ते स्थिर उभं होतं. त्याच दोन नावांनी बाबांना आणि काकांना दोन दारांतून एका पाण्यावर आणलं होतं. योग्य नाव असतं तर ते दोघं कधीच भेटले नसते, कारण दोघांनीही ते शोधलं नसतं.

मी आमच्या विभागप्रमुख वासनिक मॅडमकडे गेले.

“दोन लेबलं परत दे म्हणशील तर ते होणार नाही,” त्या म्हणाल्या. “आणि कच्ची मुदत बारा दिवसांत संपते. मग शेती पक्कं.”

“लेबल काढूनच टाकलं तर?”

“तर विणकर विणणं थांबवेल. आहे ते पाणी संपेपर्यंत तळं. पुढचा पाऊस नाही.” त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. “घरचं प्रकरण आहे का?”

“हो.”

“मग बस आधी. आणि रडायचं असेल तर दार लाव.”

मी रडले नाही. मी त्यांना झाडांबद्दल सांगितलं. काही प्रजाती, म्हणजे जातींची घरं, अशा असतात की त्यांच्यात एकच जाती असते. जगात दुसरा नातेवाईक नाही म्हणून तिला कोणाच्या तरी घरात कोंबत नाहीत, तिच्यासाठी वेगळं घर बांधतात. तसं तळ्यासाठी नवं लेबल केलं तर? ज्या लेबलात एकच खेळ, त्याचा ढग म्हणजे एकच बिंदू. ढगाचा मध्य तोच बिंदू. विणकर त्याला त्याच्याचकडे ओढणार.

मॅडमनी पेन्सिलीने कागदावर एक ठिपका काढला.

“ओढ शून्य,” त्या म्हणाल्या. “हुशार आहेस. पण नवं लेबल ज्याला माहीत नाही तो ते मागणार कसं? शेतीवाल्यांना आपण सूचना पाठवू शकतो. मासेमारीवाले तर यादीतून गेले. ते कोण होते हे आपल्याला माहीत नाही, आणि माहीत करून घ्यायची परवानगीही नाही.”

“त्यातल्या एकाला मी ओळखते.”

“मग तोंडाने सांग जाऊन,” मॅडम म्हणाल्या.

मी तेच केलं. बाकी एकोणीस होड्या कुठे भरकटल्या ते मला आजही ठाऊक नाही.

शनिवारी सकाळी मी साकोलीच्या बसला निघाले तेव्हा बाबा तयार होऊन बसले होते. इस्त्रीचा सदरा, पायांत चपला.

“तुम्ही येताय?”

“मी कशाले येऊ? तू तुझ्या हापिसच्या कामानं चालली.” ते दारापर्यंत आले. “मी काही निरोप देत नाही हं. पन विषय निघालाच, तर सांगजो, यावेळी पानी मी नव्हतं बंद केलं.”

चिखलबोडीत मच्छीमार संस्थेची खोली पाळीलाच लागून आहे. सुकरामकाका दारात बसून जाळं विणत होते. केस सगळे पांढरे झालेले. आत टेबलावर प्रशिक्षणासाठी आलेला एक चष्मा होता, त्याच्यावर टॉवेल घातलेला.

“कोन वं तू?”

“प्रणोती. मोरेश्वर पुस्तोड्यांची.”

त्यांचा हात जाळ्यात थांबला, मग पुन्हा चालू झाला. “लय वाढली. बस. चहा घेशीन? डुक्करमाशी चावंल, पाय वर घे.”

चहा येईपर्यंत त्यांनी माझं शिक्षण, पगार, लग्न कधी, सगळं विचारून घेतलं. मग जाळ्याकडे बघतच म्हणाले, “तुझ्या बापाले सांग, तुडूम बंद करून मानूस मोठा होत नाही. आधी उघडून मारलं, आता बंद करून मारते. दोन आठवडे झाले, तळं दिसून नाही रायलं. यादीत हुडकून हुडकून डोये गेले माह्ये.”

“काका, ते बाबांनी नाही केलं. मी केलं.”

मी सगळं समजावून सांगितलं. ढग, मध्य, ओढ. त्यांना ते माझ्या कित्येक सहकाऱ्यांपेक्षा लवकर समजलं.

“म्हनजे नाव ठेवलं का पानी तिकडं वाह्यते,” ते म्हणाले. “आन् तुझा बाप काय म्हनला?”

“विषय निघाला तर सांग म्हणाले, यावेळी पाणी मी बंद केलं नव्हतं.”

“यावेळी!” काका जोरात हसले. हसता हसता त्यांनी डोळे पुसले. ते कशाने भरले ते मी विचारलं नाही. “त्याले सांग, ठोकते तो बरोबर, पन ठोकून जरा दम धरत जा. म्हाताऱ्याची होडी हाये. सरकाले येळ लागते.”

“तुम्हीच सांगा ना. फोन लावून देते.”

“नाही,” ते लगेच म्हणाले. “तोंडावर आलो का मले ती पांढरी मासोळी दिसंल, आन् त्याले करपलेला धान. भांडनच होईल. तिथं पान्यावर बरं हाये.”

मी पाटीसारखा माझा टॅबलेट मांडीवर घेतला. नव्या लेबलाचा अर्ज उघडा होता आणि पहिलाच रकाना कोरा होता. दोन दिवस मी त्यात नावं घालून पुसत होते. द्विकाठी, जलसंवाद, मूक-सहभाग. सगळी वाळलेली.

“काका, हा खेळ शोधायचा तर त्याला काहीतरी म्हणावं लागेल. तुम्ही तिथे काय करता?”

त्यांनी दातांनी दोरा तोडला.

“अबोला,” ते म्हणाले. “आमी अबोला करतो. लिही.”

मी लिहिलं. परतीच्या बसमध्ये मी ते नाव माझ्या किल्लीत बसवून पाहिलं आणि मला हसू आलं, इतकं ते नेमकं होतं. खेळाडू दोन. दोघं एकमेकांना ओळखतात. एकाने केलेलं दुसऱ्यापर्यंत पोचतं. दोघांनाही बोलता येत असतं, आणि दोघंही बोलत नाहीत. अनोळखी माणसांचा अबोला नसतो. वैऱ्यांचाही नसतो. अबोल्याला जवळचंच माणूस लागतं.

घरी आल्यावर मी बाबांना एवढंच सांगितलं, की यादीत शोधताना ‘अबोला’ म्हणा, आणि ठोकल्यावर जरा दम धरा.

“तो म्हनला?”

“मी म्हणतेय.”

“बरं,” बाबा म्हणाले, आणि उगाच आंघोळीला निघून गेले.

लेबल मंजूर झालं आणि तळं फेब्रुवारीतल्या मापांवर परत आणलं, कच्चं लेबल बदललं की तसं करता येतं. दोन दिवसांनी सकाळी गॅलरीत बाबांनी हवेत दोनदा ठोकलेलं मी पाहिलं. मग त्यांनी चांगला दम धरला. मग बाबांचा हात सावकाश वर आला, जड काहीतरी उपसावं तसा. होडी आली का, हे मी विचारलं नाही. त्यांनी त्या दिवशी दोनदा पोहे घेतले.

चार महिने तळं जिथे होतं तिथेच राहिलं. मी दर आठवड्याला मापं घेत होते आणि बिंदू हलत नव्हता. पण लेबल लावलं की ते सगळ्यांचं होतं, हे मला आधी सुचायला हवं होतं. यादीत एक नवा शब्द दिसला आणि लोकांनी तो दाबून पाहिला. पुण्याच्या कोणा मुलीने दोन बहिणींचं एक स्वयंपाकघर केलं. दोघी वेगवेगळ्या वेळी येतात आणि एकमेकींसाठी झाकून ठेवतात. दुसऱ्या कोणी एका भिंतीच्या दोन बाजूंना झाडं लावणारे दोन शेजारी केले. दिवाळीपर्यंत ‘अबोला’ या नावाखाली सतरा खेळ झाले. एका बिंदूचा ढग आता खरोखरच ढग झाला होता, आणि त्याला मध्य आला होता, आणि तो मध्य तळ्यावर नव्हता.

मी सतराही खेळांची मापं मांडली. वाढता वाढता ते सगळे एकाच बाजूला झुकत होते. सतरापैकी चौदा खेळांत कधी ना कधी कोणीतरी बोलत होतं. बनवणाऱ्यांनी तसं ठरवलेलंही नव्हतं. खेळाडू तिकडे जात होते आणि विणकर त्यांच्यामागे विणत जात होता. ढगाचा मध्य तिथे होता, जिथे पहिला शब्द येतो.

हिशोब सोपा होता. तळं रोज थोडं थोडं तिकडे सरकत होतं. एकोणीस दिवसांनी तिथे बोलता येणार होतं.

मी पुन्हा अर्ज भरला. तळं या लेबलातून वेगळं काढावं, त्याला पुन्हा एकट्याचं नाव द्यावं. कारणाच्या रकान्यात मी लिहिलं, मूळ स्वरूप जपण्यासाठी. फक्त पाठवायचं राहिलं होतं. सकाळी चहा घेऊन बाबांकडे गेले, सहीसाठी नाही, सांगण्यासाठी. खेळाडूला सांगावं असं मी आता शिकले होते.

“होडी पाळीजवळ येऊन रायली आताशा,” मी काही म्हणायच्या आत बाबाच म्हणाले. “काल इतकी जवळ आली का हात लागला असता. मी एक पाय मागं घेतला.”

“का?”

“तयारी नव्हती.”

“बाबा, ते मला थांबवता येतं. म्हणाल तर आजच.”

त्यांनी चहाचा घोट घेतला आणि समोरच्या गच्चीवर वाळत घातलेल्या चादरींकडे बघत राहिले. “अजून किती दिवस हायेत?” त्यांनी विचारलं.

“एकोणीस.”

“बरं.”

मी आत येऊन टॅबलेट उघडला. अर्ज समोर होता. बाहेर बाबांनी चष्मा उचलला, पण लावला नाही, हे मला खिडकीतून दिसत होतं. ते तो हातात घेऊन नुसते बसले होते. मग त्यांनी घसा खाकरला.

“काय, सुकराम,” ते म्हणाले. आवाज फार मोठा आला. त्यांनी मागे वळून बघितलं, मी ऐकलं का म्हणून. मी टॅबलेटमध्ये डोकं घातलं.

थोड्या वेळाने, हळू, “काय गा सुकराम.”

तेही पटलं नसावं. मी अर्जावरचे हात काढून मांडीवर घेतले.

“काय बे, सुकऱ्या,” बाबा म्हणाले. आणि मग पुन्हा, थोडं जपून, “काय बे सुकऱ्या.”